८५० वॉटचा एसएमपीएस घ्यायला गेले आणि ५५० चा घेऊन आले – लॅमिंग्टन रोडवरच्या या दुकानाचा अनुभव

पाच स्टार देतेय आणि जरा सविस्तर लिहितेय. पीसीला एसएमपीएस (म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या पार्ट्सना पुरवणारी पेटी) किती वॉटचा लागतो या एका प्रश्नात माझा दीड महिना गेला, आणि उत्तर मिळालं ते या दुकानाच्या काउंटरवर, बिलबुकातल्या एका पाठकोऱ्या कागदावर. तो कागद अजून माझ्याकडे आहे, त्यावरचे आकडे खाली देतेय म्हणजे इथे जाण्याआधी तुमचा तुम्हालाच अंदाज येईल.

आधी माझी अडचण सांगते. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, बदलापूरला घरूनच काम असतं. पीसी दोन वर्षांपूर्वी असेंबल केलेला, आय५ १२४०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई (छोटी, वेगवान एसएसडी) आणि फुटेज ठेवायला चार मोठ्या हार्ड डिस्क. तेव्हा बजेट नव्हतं म्हणून ग्राफिक कार्ड घेतलंच नव्हतं, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच भागवत होते, आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला होता तोच, वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेला. दोन वर्षं एकदाही त्रास नाही. मग गेल्या सीझनला पैसे साठवून आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड घेतलं, १२ जीबीवालं, कारण हॉलमधल्या अंधारातल्या शॉट्सना डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणारा इफेक्ट) लावलं की ग्राफिक कार्डाशिवाय एकेक गाणं एक्स्पोर्ट व्हायला रात्र जायची. कार्ड बसवायला आमच्याच भागातला एक मुलगा आला, म्हणाला ताई या एसएमपीएसला कार्डाची ८ पिनची वायर नाहीये पण काळजी करू नका, कन्व्हर्टर मिळतो, आणि जुन्या पद्धतीच्या दोन मोलेक्स प्लगना जोडून त्याची एक ८ पिन करून दिली.

पहिले चार दिवस मस्त गेले. पाचव्या दिवशी एका रिसेप्शनचा हायलाइट एक्स्पोर्ट होत होता, ८० टक्क्यांवर आला आणि खट्ट, पीसी बंद पडून आपोआप परत चालू. ना निळी स्क्रीन ना एरर. परत लावला, परत तेच, कधी १० टक्क्यांवर तर कधी ९५ वर. नुसतं ब्राउझिंग करा, टाइमलाइनवर कट मारा, काही होत नाही, नॉइज रिडक्शनवाला शॉट आला की गेला. विंडोजच्या नोंदींमध्ये दर वेळी कर्नल पॉवर ४१, आणि त्याचा अर्थ इतकाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला, कशामुळे ते त्यात कळतच नाही.

जवळच्या एका रिपेअरवाल्याला दाखवलं. त्याने रॅमच्या पट्ट्या खोडरबरने पुसून बसवल्या, विंडोज नवीन टाकलं, एसएमपीएस बाहेर काढून त्याची हिरवी आणि काळी वायर पिनेने जोडली, पंखा फिरला, म्हणाला एसएमपीएस एकदम ओके आहे, कार्डच खराब असणार. ३०० रुपये घेतले. कार्ड नवीन कोरं, दुकानदाराकडे दुसऱ्या मशीनवर लावून बघितलं तर तासभर व्यवस्थित चाललं.

मग विचारायला सुरुवात केली आणि तिथेच खरा गोंधळ झाला. आमच्या एडिटर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक म्हणाला ८५० घे डोळे झाकून, दुसरा म्हणाला १००० घे म्हणजे पुढची दहा वर्षं बघायला नको, तिसरा म्हणाला एवढा मोठा घेतलास तर लाइटबिल किती येईल माहितेय का. भाच्याने ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर सगळे पार्ट्स टाकून बघितले तर ४०० च्या आसपास आकडा आला. आता माझ्या एसएमपीएसवर तर ४५० लिहिलंय, मग बंद का पडतोय? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. शेवटी ठरवलं, ८५० चा घेऊन टाकायचा, दहा हजार जातील तर जातील, सीझनमध्ये क्लायंटला तारखेवर तारीख देणं परवडत नाही.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या ग्रँट रोडजवळच्या कॉम्प्युटर बाजारात, जायचं तर पीसीच घेऊन जाऊ असं भाऊ म्हणाला, आणि ते फार बरं झालं. दुपारची लोकल पकडली, कॅबिनेट चादरीत गुंडाळून, काचेची बाजू आमच्या पायांकडे करून दादरपर्यंत आणलं, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड आणि पुढे चालत. हे दुकान आतल्या बाजूला आहे, समोरून जाल तर दिसणारही नाही, दहा बाय दहाची जागा, वर छतापर्यंत खोके. काउंटरवर साठीचे एक काका बसतात आणि मागे टेबलवर एक मुलगा मशीन जोडत असतो.

मी गेल्या गेल्या म्हटलं, काका ८५० वॉटचा एसएमपीएस दाखवा. दुसऱ्या कोणीही तीन खोके समोर ठेवले असते. काकांनी विचारलं, "ताई, काय काय जोडलंय त्याला?" मी सांगितलं. "मग ८५० कोणी सांगितलं?" मी म्हटलं सगळेच सांगतायत. म्हणाले, "पीसी आणलाय ना, आधी बघू तरी, घ्यायचं काय ते मग ठरवा."

साइड पॅनल काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा तो कन्व्हर्टर ओढून बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. पांढरं प्लास्टिक, पण पिवळी वायर जिथे आत जाते त्या भोकाभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी रंग, आणि नाकाजवळ नेलं तर जळकट वास. हे दोन महिन्यांत झालेलं. त्यांनी समजावलं की या कार्डाला १७० वॉटपर्यंत लागतात, मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ मिळू शकतात आणि उरलेले सगळे या ८ पिनमधून यायला हवेत, म्हणजे निदान ९५ वॉट, १२ व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर. नीट एसएमपीएसमध्ये ८ पिनला तीन पिवळ्या वायरी थेट आतून येतात. माझ्याकडे दोन मोलेक्स होते खरे पण दोन्ही एकाच माळेतले, म्हणजे सगळा करंट शेवटी एकाच बारीक पिवळ्या वायरीतून. ती वायर तापणारच. "आग लागली नाही हे नशीब," एवढं बोलून तो कन्व्हर्टर त्यांनी कात्रीने मधोमध कापला आणि टाकून दिला, मला विचारलंही नाही, आणि मला ते आवडलं.

मग मोबाइलचा टॉर्च लावून जुन्या एसएमपीएसचं लेबल वाचायला लावलं. मीच वाचलं. दोन वर्षं ही पेटी माझ्या पायाशी होती आणि ते लेबल मी कधी बघितलंच नव्हतं. वर ४५० वॉट ठळक, खाली बारीक तक्ता, ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. काका म्हणाले, "१२ खाली किती आहे?" १५ अँपिअर. "आता १२ गुणिले १५ करा." १८०. म्हणजे माझ्या ४५० वॉटच्या एसएमपीएसमधून कामाच्या लाइनवर मिळत होते १८० वॉट, तेही लेबलवर विश्वास ठेवला तर. आजच्या पीसीमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही १२ व्होल्टच खातात, ३.३ आणि ५ वर फारसं काही चालत नाही, पण या स्वस्त पेट्या त्या दोन लाइनचे आकडे फुगवून बेरीज मोठी दाखवतात. चांगल्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टचा आकडा जवळजवळ पूर्ण वॉटेजइतकाच असतो, ५५० वॉटचा असेल तर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास, गुणाकार केला की ५४०. या एका गुणाकाराने माझ्या दीड महिन्याच्या कोड्याचं उत्तर मिळालं. दोन वर्षं का चाललं तेही कळलं, कारण कार्ड नव्हतं तोवर पीसीला शंभर-सव्वाशे वॉटच लागत होते.

इथे दुसरं कोणी थांबलं असतं, पण त्यांच्या मुलाने (मुलगा की कामाला असलेला ते विचारलं नाही, पण हुशार आहे) मशीन तसंच जोडलं, दुसरा एक कन्व्हर्टर तेवढ्यापुरता लावला, एका रिकाम्या मोलेक्समध्ये मल्टीमीटरच्या पिना खोचल्या आणि मला म्हणाला, ताई तुम्ही आकडा बघत राहा. नुसतं चालू असताना ११.९. फरमार्क (ग्राफिक कार्डाला पूर्ण ताण देणारं टेस्ट सॉफ्टवेअर) लावलं, ११.५, ११.४, ११.३ आणि बंद. १२ व्होल्टच्या लाइनला वर-खाली ५ टक्के चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको, हे त्याने नंतर सांगितलं. ते आकडे उतरताना मी डोळ्यांनी बघितले. रिपेअरवाल्याने हिरवी-काळी वायर जोडून जो पंखा फिरवला होता तो लोड नसताना फिरला होता, त्याने एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं, दमदार आहे का ते कळत नाही.

आता तो कागद. काकांनी पेनाने लिहिलं:

प्रोसेसर ११७. डब्यावर ६५ लिहिलेलं असतं पण तो बेस आकडा, आय५ १२४०० टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, ११७ पर्यंत जाऊ शकतो असं इंटेलच सांगतं, म्हणून हिशोबाला तोच धरायचा. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचंही तसंच, नव्या एएम५ सॉकेटवर ६५ वाला प्रोसेसर ८८ पर्यंत जातो आणि १०५ वाला १४२ पर्यंत. ग्राफिक कार्ड १७०. मदरबोर्ड, रॅम, एनव्हीएमई, पंखे मिळून ४०. चार हार्ड डिस्क, चालू असताना एकेकीला ७-८, म्हणजे ३०. बेरीज ३५७.

हार्ड डिस्कपाशी ते थोडे थांबले आणि हे मला कुठल्याच कॅल्क्युलेटरने सांगितलं नव्हतं. मोठी ३.५ इंची डिस्क पहिल्यांदा फिरायला लागते तेव्हा काही सेकंद तिला दीड-दोन अँपिअर लागतात, म्हणजे एकेकीला वीस-पंचवीस वॉट, चार असतील तर शंभर. पण तेव्हा ग्राफिक कार्ड झोपलेलं असतं, त्यामुळे दोन्हींची बेरीज करायची नसते, ज्याच्याकडे दहा-बारा डिस्कचं मशीन असेल त्याने मात्र हे वेगळं मोजावं.

३५७ वर मग ५५० का? दोन कारणं सांगितली. एक म्हणजे ग्राफिक कार्ड १७० सांगतं ती सरासरी, सेकंदाच्या बारीक तुकड्यात ते त्याच्या बरंच वर उडी मारतं आणि परत खाली येतं, वॉटमीटरवर ती उडी दिसतही नाही पण एसएमपीएसला ती द्यावी लागते, दिली नाही तर प्रोटेक्शन लागून बंद. मोठ्या कार्डांच्या या उड्यांचा त्रास इतका वाढला की २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे एसएमपीएसचं नवं स्टँडर्ड आलं आणि त्यात एसएमपीएसने क्षणभर, म्हणजे १०० मायक्रोसेकंद, आपल्या वॉटेजच्या दुप्पट लोड झेलायला हवा असं घातलं. दुसरं कारण, एसएमपीएस कायम काठोकाठ चालवला तर तापतो, पंखा ओरडतो आणि आतले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. एकूण बेरजेच्या दीडपटीच्या आसपास घ्यायचा, हा त्यांचा धोपटमार्ग. ३५७ ची दीडपट ५३५. एनव्हीडियाने, म्हणजे कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीने, ३०६० साठी सांगितलेला आकडाही ५५० च आहे.

मी तरी म्हटलं, काका ८५० घेतला तर काय बिघडलं? बिघडत काहीच नाही, त्यांनी सरळ सांगितलं, आणि लाइटबिलही वाढत नाही. हे नीट समजून घ्या कारण आमच्या ग्रुपवर अजूनही यावर वाद चालतो. ८५० वॉटचा एसएमपीएस ८५० ओढत नाही, पीसीला जेवढं लागतं तेवढंच ओढतो, अधिक थोडं उष्णतेत जाणारं. वॉटेज ही त्याची जास्तीत जास्त देण्याची ताकद. पण पैसे जास्त जातात, आणि त्या पैशात माझ्यासारखीने आणखी रॅम घ्यावी. त्यांनी एकच उलट प्रश्न विचारला, "दोन-तीन वर्षांत कार्ड मोठं करणार आहात का?" मी म्हटलं नाही, हेच चार वर्षं वापरायचंय. "हो म्हणाला असतात तर ६५० दिला असता." पुढच्या पिढीच्या आरटीएक्स ४०७० कार्डाला २०० वॉट लागतात आणि एनव्हीडिया त्याला ६५० सांगते, त्यामुळे हेही पटलं.

मला गोल्ड घ्यायचा होता, तिथेही त्यांनी हिशोबच मांडला. ब्राँझ, गोल्ड हे ८० प्लसचे शिक्के म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेतली किती टक्के आत पोचते त्याचं माप, निम्म्या लोडला ब्राँझ ८५ ते ८८ टक्के आणि गोल्ड ९० ते ९२. चार टक्क्यांचा फरक धरला, माझं रोज आठ तास काम, वर्षाचे ३०० दिवस, सव्वादोनशे वॉट लोड, तर वाचतात वर्षाला बावीस-चोवीस युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी सव्वादोनशे रुपये. समोरच्या दोन खोक्यांच्या किमतीत फरक होता अडीच हजारांचा. म्हणजे फरक वसूल व्हायला अकरा वर्षं. दिवसरात्र मशीन चालवणाऱ्याचं गणित वेगळं, माझ्यासाठी ब्राँझ. शिवाय त्या शिक्क्यावरून एसएमपीएस किती टिकेल ते कळत नाही, त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा म्हणाले. माझ्या ५५० ब्राँझला पाच वर्षं आहे, ४४०० ला मिळाला, जीएसटी बिलासकट, आणि बिलावर सिरियल नंबर त्यांनी न सांगता लिहून दिला.

हे चालू असताना एक कॉलेजचा मुलगा आला आणि त्याचं ऐकून माझा या दुकानावरचा विश्वास पक्का झाला. त्याला आय७ १४७००के प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० टीआय सुपर कार्ड असं मशीन करायचं होतं, पैसे कार्डात गेले म्हणून एसएमपीएस ५५० चाच द्या म्हणत होता, मित्राच्या मशीनला चालतो म्हणे. काकांनी त्याच बिलबुकावर लिहिलं, प्रोसेसर २५३, कार्ड २८५, बाकी ६०, झाले ५९८. "बेटा, हा मी तुला विकणार नाही." त्याला ७५० सांगितला, कमीत कमी, आणि एटीएक्स ३ वाला, कारण त्या कार्डाची १६ पिनची वायर थेट एसएमपीएसमधून आलेली बरी. मुलगा थोडा हिरमुसला, नंतर येतो म्हणून गेला. मला लहान दिला आणि त्याला मोठा सांगितला, दोन्ही वेळा कागदावर बेरीज करून. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण चुकीचा माल द्यायचा नाही, ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

नवीन एसएमपीएस लावून भिंतीच्या प्लगला वॉटमीटर जोडून दाखवला. नुसतं चालू असताना ६२ वॉट. माझा तोच अर्धवट राहिलेला हायलाइट, नॉइज रिडक्शनसकट एक्स्पोर्ट लावला, २२० ते २४० मध्ये खेळत राहिला. मग प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींच्या टेस्ट एकदम लावल्या तेव्हा ३४२. हे भिंतीतले वॉट, त्यातले आत पोचणारे साधारण ३००, म्हणजे ५५० च्या निम्म्यापेक्षा थोडे वर, आणि मल्टीमीटर १२.०५ वरून हलला नाही. एक्स्पोर्ट १०० टक्के झाला तेव्हा दुकानात मी टाळीच वाजवली.

निघताना काकांनी विचारलं यूपीएस कोणता आहे. मी म्हटलं ६०० व्हीए. तर म्हणाले व्हीए म्हणजे वॉट नाही, त्या पेटीच्या मागे बघा, ३६० वॉट लिहिलेलं असेल. घरी येऊन बघितलं, ३६०च. पीसीचे ३४२ आणि दोन मॉनिटरचे पन्नासेक, तो आकडा पार होतो, जरी रोजच्या कामात २८०-२९० च्या वर जात नसले तरी. यूपीएसला एसएमपीएसवर छापलेलं वॉटेज बघायचं नसतं, भिंतीतून खरोखर किती ओढतोय ते बघायचं, म्हणून तो वॉटमीटरचा आकडा कामाचा. त्यांनी यूपीएस विकायचा प्रयत्न केला नाही, एक मॉनिटर यूपीएसवरून काढा आणि तुमच्याकडे लाइट जाते तेव्हा काय होतं ते पंधरा दिवस बघा म्हणाले. बदलापूरला पावसाळ्यात लाइट कशी जाते ते वेगळं सांगायला नको. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर १५-१७ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो आणि तेवढ्या वेळात यूपीएसने बॅटरीवर यायचं असतं, बहुतेक यूपीएस दहाच्या आत येतात, घरचा इन्व्हर्टर मात्र साध्या मोडवर असेल तर तेवढा चपळ नसतो, बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्या मोडवर ठेवायचं. माझा यूपीएस एकदाच एक्स्पोर्ट चालू असताना ओव्हरलोडचा बीप देऊन गेला, म्हणून पुढच्या महिन्यात ११०० व्हीए, ६६० वॉटचा इथूनच मागवला.

तक्रारीच्या गोष्टीही लिहिते. बसायला जागा नाही, एकच स्टूल आहे आणि त्यावर खोका असतो. आमचा नंबर यायला चाळीस मिनिटं गेली, शनिवारी तर त्याहून जास्त लागतील. गाडीने जाऊ नका, पार्किंगचा प्रश्नच येत नाही. किंमत ऑनलाइनपेक्षा ३०० रुपये जास्त होती आणि काका घासाघीस करत नाहीत, मी प्रयत्न केला, नुसते हसले. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर उत्तर संध्याकाळी येतं. आणि मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता येणारे एसएमपीएस त्यांच्याकडे कमी होते. माझा साधा आहे, न लागणाऱ्या वायरी कॅबिनेटच्या तळाशी गोळा करून बांधल्यात. मॉड्युलर घेणाऱ्यांना काकांची एक ताकीद सांगून ठेवते, माझ्या भावाने विचारलं म्हणून कळली: एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला लावायच्या नाहीत, प्लग बसला तरी आतल्या पिनांची जागा वेगळी असू शकते आणि हार्ड डिस्क जळते. माझ्या चार डिस्कमध्ये लोकांची लग्नं आहेत, त्यामुळे मी हे तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून घेतलं.

३०० रुपये जास्त गेले याचं मला काही वाटत नाही. मल्टीमीटर लावून दाखवणं, वॉटमीटरवर मोजून देणं, फिटिंग, या कशाचे वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि मी ठरवून आणलेले दहा हजार होते त्यातले साडेपाच हजार परत घेऊन गेले.

सात महिने झाले. मधला अख्खा लग्नाचा सीझन गेला, रात्र-रात्र एक्स्पोर्ट लावून झोपलेय, एकदाही रिस्टार्ट नाही. मेमध्ये दुपारी खोली भट्टी झालेली असायची तेव्हा सुद्धा एसएमपीएसचा पंखा ऐकू आला नाही. जुना ४५० मात्र त्यांनी ठेवून घेतला नाही, भंगारात द्या पण कोणाला वापरायला देऊ नका म्हणाले, आणि मी तसंच केलं.

रविवारी बंद असतं. ग्रँट रोडला उतरून पुलाच्या पूर्वेकडच्या बाजूने या. पीसी उचलून आणणं शक्य नसेल तर निदान तीन फोटो काढून आणा, एसएमपीएसच्या बाजूच्या लेबलचा ज्यात १२ व्होल्टखालचे अँपिअर वाचता येतील, ग्राफिक कार्डाच्या प्लगचा आणि यूपीएसच्या मागच्या बाजूचा, बाकी प्रोसेसरचं नाव आणि डिस्क किती ते तोंडी सांगितलं तरी चालतं. आणि काकांनी पेन उचललं की मध्ये बोलू नका, बेरीज होऊ द्या.